बाळ काय करत नाही, तेही पाहायला हवं

(पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची. बाळाच्या विकासाकडे लक्ष कसं ठेवावं, या विषयावर बोला असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. मग त्यांनी आठवण करून दिली, की याच विषयात मी एकदा नापास झालोय. नापास झालेल्याला पेपर कुठं अवघड होता ते चांगलं आठवतं. तेवढ्या भांडवलावर मी उभा आहे.

माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा मी घरून काम करत होतो. पहिलं मूल, आणि बाप कॉम्प्युटरवाला. मी पाळण्यावर कॅमेरा बसवला, फोनवर अ‍ॅप घेतलं. दूध किती वेळ प्यायली, कधी झोपली, कधी उठली, लंगोट किती वेळा बदलले, सगळ्याची नोंद. रविवारी बसून मी त्याचे आलेख काढायचो. कॅमेऱ्यात एक सोय होती. बाळानं जरा आवाज केला की माझ्या फोनवर सूचना यायची. मीटिंगमध्ये असलो तरी ती रडतेय हे मला कळायचं. मित्रांना मी हे कौतुकानं दाखवत असे.

त्या मुलीला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, हे आम्हाला पंधराव्या महिन्यात कळलं. आणि ते मला कळलं नाही, अंगणवाडीच्या ताईंना कळलं.

त्याआधीचं सांगतो, कारण खरी चूक तिथं आहे. मुलगी दहा महिन्यांची असताना माझी बायको मला म्हणाली, "मी मागून हाक मारते तेव्हा ही वळत नाही." मी लगेच फोन उघडला आणि कॅमेऱ्याची एक क्लिप दाखवली. बायको खोलीत येते, हाक मारते, मुलगी मान वळवून हसते. "बघ, वळली की नाही?" बायको गप्प बसली. अम्मी म्हणाली, "तू बी कां जल्दी बोल्या था? बापपे गयी है." शेजारच्यांनी सांगितलं, घरात दखनी, बाहेर मराठी, टीव्हीवर हिंदी, मूल गोंधळतं, बोलेल सावकाश. मुलीचं वजन हिरव्या पट्ट्यात होतं, बसली वेळेवर, उभी राहिली वेळेवर. सगळ्यांचं समाधान झालं. पाच महिने असेच गेले.

पंधराव्या महिन्यात बायको तिला वजनासाठी अंगणवाडीत घेऊन गेली. त्या दिवशी मीही बरोबर होतो. बायकोनं ताईंना तीच शंका सांगितली. ताईंनी वाद घातला नाही आणि समजूतही काढली नाही. मुलीला आईच्या मांडीवर बसवलं. मदतनीस ताई समोर एक बाहुली घेऊन बसल्या. ताई स्वतः मागे गेल्या, बाळाला दिसणार नाही, सावली पडणार नाही अशा बेतानं बाजूला उभ्या राहिल्या आणि कपाटाच्या चाव्यांचा जुडगा वाजवला. आधी उजवीकडून, मग डावीकडून. मुलगी बाहुलीकडेच बघत राहिली. ताई म्हणाल्या, "दादा, कानाची तपासणी करून घ्या. या आठवड्यातच."

घरी आल्यावर मी ती जुनी क्लिप पुन्हा पाहिली. बायको दारातून आत येते, आधी दिव्याचं बटण दाबते, मग हाक मारते. मुलगी उजेड पडल्यावर वळली होती. हाक नंतरची होती. ते सारं माझ्यासमोर होतं, पण मला जे हवं होतं तेवढंच मी पाहिलं होतं.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक नोंद, म्हणजे यंत्रात काय काय घडलं त्याची यादी. दुसरी चाचणी. चाचणीत आधी ठरवतात की अमुक केलं तर तमुक व्हायला हवं, आणि मग ते झालं की नाही ते बघतात. जे घडलंच नाही ते नोंदीत कधीच दिसत नाही, ते चाचणीतच सापडतं. माझा कॅमेरा मुलगी आवाज करते तेव्हा मला कळवायचा. आम्ही आवाज केल्यावर ती गप्प राहते, हे त्यानं एकदाही कळवलं नाही. तसं कळवायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे काम रोज कंपनीत करणाऱ्या माणसाला घरात सुचलं नाही.

बाळाच्या विकासावर लक्ष ठेवायचं म्हणजे हेच. बाळ काय करतंय ते आपण कौतुकानं बघतोच. या वयात जे करायला हवं आणि अजून करत नाही, ते ठरवून बघावं लागतं.

पण 'या वयात' म्हणजे नेमकं कधी? इथं आपण दोन चुका करतो. कुणी शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरतं, कुणी 'प्रत्येक मूल वेगळं' म्हणून झोपी जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये बाळांच्या वाढीची प्रमाणं जाहीर केली. त्यासाठी सहा देशांतली मुलं पाहिली होती, त्यात आपली दिल्लीही होती. वजन-उंचीबरोबर त्यांनी बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं यांच्याही वयमर्यादा काढल्या. निरोगी मुलांतली अगदी पहिली आणि अगदी शेवटची काही सोडली, तर आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत येतं. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. म्हणजे एक बाळ नवव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सतराव्या महिन्यात, तरी दोन्ही ठीक असू शकतात. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. तेव्हा भाचा दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपल्या बाळाची काळजी करू नका. पण या खिडकीला शेवटची कड आहे, हेही विसरू नका. अठरा महिने झाले आणि मूल चालत नाही, तर 'प्रत्येक मूल वेगळं' हे उत्तर तिथं संपतं.

सरासरीनं कसा घोळ होतो, याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची पालकांसाठी एक यादी आहे, कोणत्या वयात बाळ काय करतं याची. २०२२ मध्ये त्यांनी ती बदलली. आधी जे वय लिहिलेलं असायचं, त्या वयात निम्मीच मुलं ती गोष्ट करत असत. साहजिकच उरलेली निम्मी मागे दिसायची आणि डॉक्टरही म्हणायचे, थांबा, बघू. आता तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त मुलं जे करतात, तेच त्या वयासमोर लिहितात. म्हणजे आता मूल मागे दिसलं तर 'थांबू' म्हणायचं नाही, विचारायला जायचं.

आपल्या देशातही यावर चांगलं काम झालं आहे. परदेशातल्या मुलांवरून बेतलेली मापं आपल्या मुलांना जशीच्या तशी लावू नयेत, म्हणून बडोद्याला डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासाची मोजपट्टी तयार केली. १९९१ मध्ये तिरुवनंतपुरमला त्यावरून एक सोपा तक्ता बेतला गेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी त्यात फक्त सतरा गोष्टी आहेत. तक्त्यावर बाळाच्या वयाच्या जागी पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे जे पूर्ण संपलं, ते सगळं बाळाला यायला हवं. एक जरी येत नसेल तर पुढची तपासणी. पाच-सात मिनिटांचं काम. लागतं काय? एक पेन्सिल आणि चाव्यांचा जुडगा. माझ्या कॅमेऱ्याची किंमत मी तुम्हाला सांगत नाही.

एक बारकावा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर विकास पाहताना ते चार महिन्यांचं धरायचं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत असं करतात. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

पाच महिने उशीर झाला तर असं काय बिघडलं, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. ऐकण्याच्या बाबतीत जगभर एक साधा नियम सांगितला जातो: एक, तीन, सहा. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. कारण बाळ बोलायला लागण्याआधी वर्षभर ऐकत असतं. मेंदूतली भाषेची जागा त्या काळात तयार होत असते. माझ्या मुलीला श्रवणयंत्र लागलं तेव्हा ती सतरा महिन्यांची होती. ज्या रुग्णालयात ती जन्मली तिथं कानाची तपासणी झाली नाही, आणि मी विचारलीही नाही. ती तपासणी काही मिनिटांची असते, झोपलेल्या बाळाच्या कानात छोटंसं टोक ठेवून करतात. नंतर जी 'बेरा' नावाची तपासणी करावी लागली, ती थोडी मोठी. त्यात झोपलेल्या बाळाच्या कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते डोक्याला लावलेल्या तारांवरून मोजतात.

लोक विचारतात, बाळ 'ऊ-आ' करत होतं ना, मग शंका कशी येणार? ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे काही महिने तसे आवाज काढतात. पुढे 'बा-बा', 'दा-दा' अशी अक्षरांची माळ लागायला हवी, तिथं ती मागे पडतात. आणि कमी ऐकणारं बाळ डोळ्यांनी फार हुशार असतं. दार हललं, जमीन थरथरली, उजेड बदलला, त्याला सगळं कळतं. घरच्यांना ते चलाख वाटतं. आमची होतीच चलाख. तेच आम्हाला नडलं.

आता घरातल्या सबबींविषयी. पहिली, दोन-तीन भाषांची. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दखनी किंवा उर्दू आणि दाराबाहेर मराठी असते. जास्त भाषा कानावर पडल्यानं वाचेचा विकार होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. बाळ 'पानी' म्हणतं आणि 'ताई' म्हणतं, तर ते दोन शब्द झाले. वाचा-उपचार देणाऱ्या मॅडमनी आम्हाला सांगितलं, तुमच्या तोंडात जी भाषा सहज येते तीच भरपूर बोला. अम्मीला त्या दिवशी इतका आनंद झाला, की तेव्हापासून ती नातीशी दिवसभर दखनीत बोलते. दुसरी सबब, 'याचा बापही उशिरा बोलला'. घराण्यात कुणाला उशीर झाला असेल, कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, नवरा-बायको नात्यातले असतील, तर ते तपासणी लवकर करण्याचं कारण आहे. आपण त्याचाच आधार घेऊन तपासणी टाळतो. तिसरी, नजर लागली. दुआ करा, माझ्या अम्मीनंही केली. पण दुआ करतानाच डॉक्टरांची तारीखही घ्या.

आणि चौथी गोष्ट सबबीहून वाईट आहे. निदान झालं की बोट आईकडे जातं. गरोदरपणात काय खाल्लंस, कुठं गेली होतीस, मोबाईल किती बघितलास. आमच्याकडेही हे झालं. खरं तर या गोष्टीत सर्वांत आधी जर कुणी बरोबर पाहिलं असेल, तर ते आईनं. दिवसातले अठरा तास ती बाळाबरोबर असते. 'काहीतरी वेगळं वाटतंय' हे ती म्हणाली, तर त्याला काळजीखोर स्वभाव म्हणू नका. तो पुरावा समजा आणि तपासा. मी तो पुरावा क्लिप दाखवून खोडून काढला होता. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. पण ते पाच महिने परत आले नाहीत.

आता कामाचं बोलू. तुमच्या घरी माता व बाल संरक्षण कार्ड आहे, ज्याला आपण लसीचं कार्ड म्हणतो. वजनाच्या आलेखाशिवाय त्यात एक भाग असतो, बाळ कोणत्या वयात काय करू लागतं याचा, चित्रांसह. बहुतेक घरांत तो भाग कुणी उघडत नाही. वजन म्हणजे वाढ. बघणं, ऐकणं, हसणं, पकडणं, बोलणं हा विकास. पहिलं नीट असलं म्हणून दुसरं नीट असेलच असं नाही, हे माझ्या घरात दिसलं. म्हणून लसीच्या दिवशी कार्ड बाहेर निघतंच, त्याच दिवशी तो भागही वाचा. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्यांच्यासमोरही तो उघडा.

काही खुणा लक्षात ठेवा. तीन महिने झाले तरी बाळ आपल्याकडे बघून हसत नाही. सहा महिने झाले तरी आवाजाकडे वळत नाही. नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्ष झालं तरी बोट दाखवणं, टाटा करणं असे हावभाव नाहीत, 'बा-बा', 'दा-दा' नाही. सोळा महिन्यांत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट यायची बंद झाली, तर एक दिवसही थांबू नका. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, तर 'डावखुरं दिसतंय' म्हणून हसू नका, दाखवून घ्या. यातली एखादी खूण दिसली म्हणजे आजार आहेच असं नाही. अनेकदा तपासणीत सगळं ठीक निघतं. तेव्हा आपला अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे जातात, इतकंच. न तपासल्यानं काय जातं ते मी सांगितलं.

चाव्यांची परीक्षा घरी करून पाहायला हरकत नाही. पण बाळ वळलं म्हणून कान ठणठणीत, असा निकाल स्वतः देऊ नका. शंका असेल तर यंत्रावरची तपासणीच हवी. मोबाईलचा चांगला उपयोगही सांगतो. ज्या गोष्टीची शंका आहे तिचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बाळ घाबरतं, तिथं ते नेहमीसारखं वागत नाही.

आणि हे सगळं खासगीत, पैसे मोजूनच करावं लागतं असं समजू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, चारही गोष्टी त्यात आहेत. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. ऐकण्या-बोलण्याच्या तक्रारींसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यानुसार तर प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा तपासणी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणजे आपण कुणाकडे मेहरबानी मागत नाही. पथक कोणत्या तारखेला येणार ते अंगणवाडीत विचारा, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आणि पथक आलंच नाही तर वस्तीतल्या पाच-दहा पालकांनी मिळून लेखी विचारा.

आपल्या मोहल्ल्यासाठी माझी एक सूचना आहे. कार्ड मराठीत असतं. आपल्या अनेक नानी-दादींना ते वाचता येत नाही, आणि घरात बाळाला दिवसभर त्याच सांभाळतात. महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं, तो भाग कुणीतरी मोठ्यानं दखनीत वाचून दाखवावा. ज्यांची बाळं दोन वर्षांच्या आतली आहेत त्यांनी यावं. हे काम मी करायला तयार आहे, पण माझ्याबरोबर आणखी दोन बापांनी यावं अशी अट आहे.

माझ्या मुलीचं विचाराल, तर ती बोलते. काही अक्षरं अजून अडतात, गोंगाटात तिला त्रास होतो, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या संपल्या की घरभर शोधाशोध होते. ती बालवाडीत जाते, भांडते, दोन भाषांत भांडते. पहिल्यांदा तिनं मागून मारलेल्या हाकेला मान वळवली, तेव्हा ती एकोणीस महिन्यांची होती. हाक तिच्या आईनं मारली होती. मी ते कॅमेऱ्यात घेतलं नाही, समोर बसून पाहिलं.

शेवटी एकच. आज घरी गेल्यावर कार्ड काढा, बाळाचं वय महिन्यांत मोजा आणि त्या वयासमोर काय लिहिलंय ते वाचा. कार्ड घरात कुठं ठेवलंय हे ज्या बापांना माहीत नाही, त्यांनी आधी ते विचारून घ्या. मला पंधरा महिने माहीत नव्हतं.